शेडीच्या डोक्यावरचं पाणी

कोकणातल्या मुलाला खडकांची ओळख करून द्यायची असेल तर मी त्याला आधी चिऱ्याच्या, म्हणजे घरं बांधायच्या जांभ्या दगडाच्या, खाणीवर नेईन. किल्ला नंतर, घाट नंतर, समुद्र तर सगळ्यात शेवटी. खाण चालू असेल तर मालकाला विचारून सुट्टीच्या दिवशी जावं. बंद पडलेली मिळाली तर फारच उत्तम. तिथे यंत्राची घरघर नसते, धूळ पावसाने धुऊन गेलेली असते आणि कापलेल्या उभ्या भिंतीत जमिनीचं पोट वरपासून खालपर्यंत उघडं पडलेलं असतं.

भिंतीसमोर उभं राहायचं आणि नजर वरून खाली आणायची. सगळ्यात वर हात-दोन हात जाडीचा काळपट तपकिरी कातळ, इतका खरखरीत की अनवाणी चाललं तर टाचा सोलतात. त्याच्या खाली चिऱ्याचा दगड सुरू होतो. तांबूस, मध्येच पिवळा, पात्याच्या खुणा अजून अंगावर असलेला. जवळ गेलं की दिसतं, हा दगड भरीव नाहीच. त्यात बोट जाईल एवढ्या नळ्या आहेत, वाकड्यातिकड्या, एकमेकींत शिरलेल्या. काही पोकळ, काहींत पिवळट माती गच्च बसलेली. काडीने कोरली तर माती भुरभुर गळते आणि आत लालसर गुळगुळीत अस्तर लागतं. आणखी खाली रंग विरत जातो. तांबड्यात जांभळे डाग, मग पांढरे. कणखरपणा जातो, नख रुतायला लागतं. आणि खाण पुरेशी खोल गेली असेल तर तळाशी पांढरट-गुलाबी मऊ माती. ही शेडी. ओली असताना बुळबुळीत, बोटांत चोळली तर खर लागत नाही. चिरेवाल्यांना तिचं काही मोल नाही. शेडी लागली की खाण संपली. तिच्याही खाली खणत गेलात तर शेवटी काळा पाषाण लागतो, घाटात दिसतो तोच.

वरच्या कातळापासून तळाच्या पाषाणापर्यंत हा बहुतेक ठिकाणी एकच खडक आहे. पावसाने त्याचं जे केलं ते आपण टप्प्याटप्प्याने बघत असतो.

माझी भाची यंदा अकरावीला आहे. तिने भूशास्त्र हा विषय घेतला. घरातल्या सगळ्यांचं "त्याचं पुढे काय?" विचारून झाल्यावर ती पुस्तक घेऊन माझ्याकडे आली, कारण घरात हा विषय शिकलेली मी एकटीच. पहिल्याच प्रकरणातल्या तक्त्यावर तिने बोट ठेवलं. अग्निज, स्तरित, रूपांतरित. "मावशी, आपला जांभा ह्यात कुठे बसतो?"

"बसत नाही," मी म्हटलं.

तिचा चेहरा पडला. मला मात्र आनंद झाला, कारण ह्या विषयातला पहिला चांगला प्रश्न तिने स्वतःच्या घराच्या भिंतीकडे बघून विचारला होता. जांभा लाव्हा थिजून तयार झाला नाही, गाळ साचून झाला नाही, उष्णता आणि दाबाखाली बदललाही नाही. दुसऱ्या खडकातलं बरंच काही वाहून गेल्यावर जे मागे राहिलं, तो जांभा. तक्ता चूक नाही, पण तक्त्याच्या बाहेरही खडक असतात आणि आपण नेमके त्यातल्याच एकावर राहतो. रत्नागिरीच्या मुलाने आयुष्यात पाहिलेला पहिला दगड जांभा असतो. घर जांभ्याचं, गडगा जांभ्याचा, देवळाचा चौथरा जांभ्याचा, विजयदुर्गाच्या तटाचे चिरेही जांभ्याचे. त्याच्या पुस्तकात पहिला दगड ग्रॅनाइट असतो.

काय वाहून गेलं आणि काय राहिलं, हे कळलं की निम्मं कोकण कळतं. काळ्या पाषाणात म्हणजे बेसाल्टमध्ये जवळजवळ निम्मी सिलिका असते. बाकी ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, थोडं सोडियम, थोडं टायटॅनियम. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि फटींतून खाली उतरतं. ते आधी कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम उचलतं, मग सावकाश सिलिकाही. लोह आणि ॲल्युमिनियम मात्र पाण्याला सहज दाद देत नाहीत. ते जागीच गंजून बसतात. जांभ्याचा तांबडा रंग हा गंजाचा रंग आहे. यासाठी नुसता पाऊस पुरत नाही. पाणी खाली उतरायला वाट लागते, ऊबदार हवा लागते, आणि भिजण्यापाठोपाठ वाळण्याचा काळ लागतो. चार महिने धो धो आणि आठ महिने कोरडं, हे कोकणाचं हवामान त्याला अगदी मानवतं. खाणीतल्या त्या नळ्या बघताना हे सांगितलं तर मुलांना पटतं, कारण पाणी ज्या वाटांनी उतरलं त्या वाटा त्यांच्या समोर असतात.

फ्रान्सिस बुकॅनन हा स्कॉटिश डॉक्टर मद्रासहून निघून म्हैसूर, कानडा, मलबार पालथा घालत फिरला. त्याचं प्रवासवर्णन 1807 साली छापलं गेलं. मलबारातल्या अंगाडीपुरमला त्याने हाच दगड पाहिला आणि त्याच्या विटा पाडताना लोक काय करतात ते नीट लिहून ठेवलं. जमिनीत असतो तोवर मऊ, लोखंडी हत्याराने सहज कापता येतो. बाहेर काढून उघड्यावर ठेवला की कठीण होतो, आणि विटेपेक्षा ऊन-पावसाला जास्त टिकतो. लॅटेराइट हे शास्त्रातलं नाव त्याने दिलं. आपल्याकडच्या चिरेवाल्याला हे सगळं ठाऊक आहेच. ताजा चिरा त्यामुळेच तो लगेच भिंतीत घालू देत नाही. ओलावा उडून गेला की लोहाची संयुगं घट्ट धरतात, आणि हे एकदा झालं की परत मऊ होणं नाही.

सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या सपाट माळावर, हजारो वर्षांपूर्वी ज्यांनी चित्रं कोरली त्यांनाही कातळाचा हा स्वभाव माहीत असणार. राजापूर तालुक्यातल्या कशेळीला कातळावर कोरलेला हत्ती आहे, सुमारे 18 मीटर लांबीचा, आणि त्याच्या अंगात आणखी पशुपक्षी, जलचर कोरलेले. उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी, अशी कितीतरी नावं आहेत. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. एवढी मोठी, सपाट, उघडी, कोरता येण्याजोगी आणि कोरल्यावर टिकणारी जागा दुसऱ्या कुठल्या खडकाने दिली असती? सातबाऱ्यावर मात्र हाच सडा पोटखराबा असतो. लागवडीला निरुपयोगी, म्हणून त्याची काही किंमत नाही असं कागद म्हणतो. ज्याने तो जूनमध्ये पाहिलाय तो असं म्हणणार नाही. पहिल्या दोन-तीन पावसांत त्या काळ्या कातळाच्या खळग्यांत पाणी साचतं, बोटभर मातीत गवत फुटतं आणि दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात. कोकण दीपकाडी ही जात कोकण-गोव्याच्या ह्या पट्ट्यापलीकडे सापडत नाही. तिला हाच कातळ लागतो.

आता जांभ्याच्या आईकडे यायला हवं. त्यासाठी घाट चढायचा.

भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत खोक्यात ठेवलेले नमुने असतात. प्रत्येकावर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव. मीही त्यांच्यावरच शिकले आणि नावं पाठ केली. पण खोक्यातल्या दगडाला वर-खाली नसतं. तो कुणाच्या अंगावर होता, त्याच्या अंगावर कोण होतं, त्याच्या बुडातून पाणी झिरपत होतं का, हे काही तो सांगत नाही. नाव सांगणं ही ओळखीची सुरुवात झाली. खरी ओळख शेजारपाजार कळल्यावर होते. म्हणून घाटात गाडी सुरक्षित जागी थांबवून समोरच्या कापलेल्या डोंगराकडे नुसतं बघायला सांगावं. काळ्या पाषाणाचे आडवे थर एकावर एक, आणि कित्येक ठिकाणी दोन थरांच्या मध्ये हातभर किंवा त्याहून कमी रुंदीचा विटकरी पट्टा.

काळा थर म्हणजे लाव्ह्याचा एक लोट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून पातळ, वाहता लाव्हा बाहेर आला आणि पसरत गेला. शंकूसारखा ज्वालामुखीचा डोंगर इथे शोधायला जाऊ नये. असे लोट पुन्हा पुन्हा आले. झीज होऊन, समुद्रात जाऊन, आज उरलेला दख्खनचा हा पाषाणच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर आहे, आणि महाबळेश्वरच्या बाजूला उघड्या दिसणाऱ्या थरांची जाडी किलोमीटरच्या वर जाते. मग तो विटकरी पट्टा? एक लोट थिजला, थंड झाला, त्याच्यावर ऊन-पाऊस पडला, त्याची माती व्हायला लागली, आणि तेवढ्यात पुढचा लोट त्या मातीवर आला. दोन लोटांच्या मधल्या शांततेची ती खूण आहे. सगळे म्हणतात इथे आग होती. होतीच. पण त्या आगीच्या मधल्या सुट्टीतही इथे पाऊस पडत होता आणि खडक कुजत होता, हे त्या पट्ट्याकडे बघितल्याशिवाय कळत नाही. मला घाटात सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट हीच.

लोटाच्या वरच्या भागात भोकं असतात. लाव्ह्यातला वायू वर यायला धडपडला आणि लाव्हा आधीच थिजला, त्याचे ते बुडबुडे. पुढे त्या भोकांतून पाणी फिरलं आणि विरघळवून आणलेलं सामान तिथे मांडून गेलं. असा एक दगड हातात घेऊन भाचीला बसवलं. भोकाच्या आत पांढरं काहीतरी चमकत होतं. मी तिला चाकूचं टोक दिलं आणि म्हटलं, ओरखडा काढून बघ. एका भोकातल्या पांढऱ्यावर चाकूने रेघ उठली आणि लिंबाचा रस टाकल्यावर बारीक बुडबुडे आले: कॅल्साइट. दुसऱ्यावर रेघ उठली, पण लिंबाने काही झालं नाही, आणि आत सुयांसारखे बारीक स्फटिक दिसले: झिओलाइटच्या कुळातलं कुणीतरी. तिसऱ्यावर चाकूच घसरला आणि आपल्याच लोखंडाची करडी रेघ मागे ठेवून गेला. ती गारगोटी. तिसरी परीक्षा झाल्यावर ती हसली, कारण गारगोटी तिला लहानपणापासून माहीत होती. अंधारात घासून ठिणगी पाडायचा खेळ आम्ही सगळेच खेळलो आहोत.

पुढच्या वळणावर दरडीत गोल गोल दगड दिसतात, एकात एक कांद्याच्या पाकळ्यांसारखे. बाहेरची पाकळी हाताने सुटते, पिवळी, मऊ. आतला गाभा अजून काळा आणि घणासारखा कठीण. पाणी चारी बाजूंच्या फटींतून शिरतं, कोपरे आधी खातं, म्हणून चौकोनी ठोकळ्याचा गोळा होतो. इथे पाषाणाचा मृदू होण्याचा प्रवास सुरू झालेला दिसतो. चिऱ्याच्या खाणीत तो पार पुढे गेलेला असतो. घाट आधी दाखवला असता तर हा दुवा मुलांच्या हाती इतका लवकर लागला नसता.

इथेच भाचीने पुस्तकातलं एक वाक्य काढलं: खालचा थर जुना, वरचा नवा. निकोलस स्टेनोने 1669 साली मांडलेला नियम. घाटातल्या लोटांना तो चपखल लागू पडतो. मग सड्याचा कडक कातळ शेडीवर आहे, म्हणजे तो शेडीनंतर येऊन बसला का? नाही. स्टेनोचा नियम वरून येऊन साचलेल्या थरांचा आहे. जांभ्याचे थर वरून आले नाहीत. पाणी वरून खाली गेलं आणि एकाच खडकात त्याने हे पट्टे पाडले. सगळ्यात वरचा भाग सगळ्यात जास्त काळ धुतला गेलेला. रत्नागिरीच्या काही भागात मात्र जांभ्याखाली खरंच वेगळे, साचलेले थर लागतात: निळसर-करडी माती, आणि तीत काळं पडलेलं, कोळशाच्या वाटेवर असलेलं लाकूड. तिथे कधीतरी दलदल होती, झाडं पडली, गाळात पुरली गेली. म्हणजे नियम कुठला लावायचा हे आधी जागा बघून ठरवायचं.

जांभा सगळा किनाऱ्यालगतच आहे असंही नाही. पाचगणीचं टेबललँड जांभ्याचं, कासचं पठार जांभ्याचं, दोन्ही हजार मीटरच्या वर. आपले किनाऱ्याजवळचे सडे 200 मीटरच्या आत. मधे सह्याद्रीचा कडा. आज हिंदी महासागरातली बेटं असलेला सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटून गेल्यावर पश्चिमेची ही बाजू खचली, कापली गेली आणि कडा झिजत झिजत पूर्वेकडे सरकत गेला. कोकण ही त्या माघारीतून मोकळी झालेली पट्टी. अरुंद, आणि म्हणून तिच्या नद्या आखूड. घाटात उगम पावलेलं पाणी काही तासांत खाडीला मिळतं.

माझ्या दृष्टीने खरा अभ्यास इथून सुरू होतो.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हिशेब करायला सोपा आहे. एका गुंठ्यावर 3 लाख लिटर. आणि एप्रिल-मे महिन्यात त्याच जिल्ह्यात वाड्यांवर टँकर येतो, बायका सड्यावरून दोन डोंगर उतरून हंडे भरून आणतात. एवढं पाणी जातं कुठे? याचं उत्तर "समुद्रात" असं एका शब्दात सगळे देतात. भूशास्त्र शिकणाऱ्याने त्यापुढे जायला हवं. कुठल्या वाटेने जातं आणि कुठे अडतं?

आमच्या गावी विहिरी काढणारे एक म्हातारे होते. जागा दाखवायला पाणाड्या यायचा, हातावर नारळ ठेवून फिरायचा. किती खोल जायचं ते मात्र हे ठरवत. ते म्हणायचे, "शेडी लागली की थांबायचा. पाणी तिच्या डोक्यार बसता." जलधर, म्हणजे पाणी साठवणारा थर, आणि पाणी न जाऊ देणारा अभेद्य थर ह्या विषयावर नंतर मी कॉलेजात बरंच वाचलं. ह्याहून नेमकं वाक्य मला अजून मिळालेलं नाही.

जांभा नळ्यांनी पोखरलेला, पाणी त्यातून सरळ खाली जातं. शेडी चिकण, पाणी तिच्यातून फारच सावकाश उतरतं. म्हणून दोघांच्या सांध्यावर पाणी थांबतं आणि आडवं वाहायला लागतं. सड्याच्या कडेला, जिथे हा सांधा उतारावर उघडा पडतो, तिथे झरा. झऱ्याखाली वाडी, वाडीखाली आगर, आगराखाली मळा. कोकणातली गावं सड्याच्या काठाखाली का वसली आहेत हे बघायला नकाशा घ्यावा आणि सगळ्या झऱ्यांच्या जागा पेन्सिलीने जोडाव्यात. एकाच उंचीच्या आसपास रेघ येते. ती शेडीची रेघ. सड्यावर वसलेल्या वाडीचं पाणी मेमध्ये का आटतं तेही तिथेच कळतं. ह्या साठ्यात पाणी राहत नाही, ते सतत कडेकडे गळत असतं. पऱ्ये, म्हणजे लहान ओढे, ऑक्टोबरनंतरही वाहतात, फेब्रुवारीत बारीक होतात, शिमग्यानंतर थबकतात. जांभा पाणी धरतो, पण फार काळ धरून ठेवत नाही. हापूसची कलमं त्यावर जगतात कारण त्यांची मुळं भेगांतून ओलाव्यापर्यंत जातात. त्यासाठी कातळात सुरुंग लावून खड्डे काढायची पाळी येते ती गोष्ट निराळी.

आणि म्हणून सड्यावर काय होतं त्याला महत्त्व आहे. वरचा कातळ काढून खाण खोलवर नेली, शेडी उघडी पडली, की पाणी साठवणारा दगडच त्या जागेपुरता गेला. खाण नको असं मी म्हणणार नाही, आमचंही घर चिऱ्याचं आहे. पण खाणीची परवानगी देताना खालच्या वाडीचा झरा कुठल्या बाजूने येतो हे बघायला हवं, आणि ते बघायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. दहावी झालेली, डोळे उघडे असलेली मुलं हे काम करू शकतील.

राजापूरजवळच्या उन्हाळे गावातली गंगा सगळ्यांना माहीत आहे. साधारण तीनेक वर्षांनी अवतरते, चौदा कुंडं भरतात, काही काळ वाहते आणि जाते. थांबून थांबून वाहणाऱ्या झऱ्यांचं भूशास्त्रातलं ठरलेलं स्पष्टीकरण वक्रनळीचं आहे: आतली पोकळी एका उंचीपर्यंत भरली की वाकड्या वाटेने सगळी एकदम रिती होते, मग परत भरायला वेळ लागतो. लोक भक्तीने स्नानाला जातात. मीही आजीबरोबर गेले आहे, आणि कारण वाचल्यावर त्या पाण्याबद्दलची माझी ओढ वाढलीच.

तिथेच जवळ गरम पाण्याचं कुंडही आहे. तुरळ, राजवाडी, आरवली, उन्हवरे, महाडजवळचं सव, पालीजवळचं उन्हेरे: किनाऱ्याला समांतर अशी गरम झऱ्यांची ओळच आहे, पार ठाण्याच्या वज्रेश्वरीपर्यंत. उन्हवऱ्याचं पाणी सुमारे 70 अंशांचं. खाली ज्वालामुखी धुमसतोय असं कुणी सांगितलं तर मुलांनी विश्वास ठेवू नये. दख्खनचा लाव्हा कधीच थंड झाला. हे पावसाचंच पाणी आहे, भेगांतून खूप खोल गेलेलं. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढतं. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं, एवढंच.

पाणी खडकाच्या भेगेत शिरल्यावर काय करू शकतं याचा सगळ्यात कठोर धडा घाटमाथ्यावर मिळाला. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनेला भूकंप झाला, सुमारे 6.3 तीव्रतेचा. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरायला सुरुवात होऊन काही वर्षंच झाली होती. जलाशयाचं वजन आणि भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब यांनी आधीच ताणाखाली असलेला खडक सरकला, असा ह्या भूकंपाचा अर्थ लावला जातो. जलाशयामुळे चाळवलेल्या भूकंपांचं उदाहरण म्हणून जगभरच्या पुस्तकांत कोयनेचं नाव येतं. त्या भागात संशोधनासाठी घेतलेल्या एका खोल छिद्रात सुमारे 930 मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइटी खडक लागला. म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचीही बैठक दुसऱ्या कुणाच्या अंगावर आहे. ती बैठक उघड्यावर बघायची तर सिंधुदुर्गात जावं. दक्षिणेकडे काळा पाषाण विरळ होत संपतो आणि त्याच्याहून कितीतरी जुने, अब्जावधी वर्षांचे खडक वर येतात. रेडीचं लोहखनिज आणि कासार्ड्याची सिलिका वाळू ह्या जुन्या जगातली.

वाळूचा विषय निघाला म्हणून: पुळणीवर जाताना खिशात लोहचुंबक न्यावा, कागदात गुंडाळून. रत्नागिरीत गावाच्या एका बाजूला पांढरा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला मांडवीचा काळा समुद्र. काळ्या पुळणीत चुंबक फिरवला की काही कण लगेच उडी मारून चिकटतात, ते मॅग्नेटाइट. बाकीचे काळे कण बरेचसे इल्मेनाइटचे, लोह आणि टायटॅनियमचे, चुंबकाला जेमतेम ओळख देणारे. पाषाण झिजला, हलकं ते वाहून गेलं, जड तेवढं लाटांनी निवडून किनाऱ्यावर ठेवलं. सड्यावर पाण्याने जी निवड विरघळवून केली तीच इथे वजनाने केली. खाड्यांचंही एका वाक्यात सांगते. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा 120 मीटरच्या आसपास खाली होती. मग ती वर आली आणि नद्यांची खोरी बुडाली. बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग ह्या सगळ्या बुडालेल्या खोऱ्यांत आपण होड्या चालवतो.

एक गोष्ट मात्र मुलांना घाईत सांगता येत नाही. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली आणि 80 हून अधिक माणसं गेली. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गेली. तिथला खडक जांभा नव्हे, पण रचना मनात धरायची ती विहिरीचीच. वर पाणी पिणारी, सुटी झालेली माती आणि सडका खडक; खाली पाणी आत न घेणारा पाषाण; मधे सांधा. एरवी त्या सांध्यावर झरा लागतो. दोन-तीन दिवस न थांबता पाऊस कोसळला की पाणी निघून जाण्यापेक्षा साचतं जास्त, मातीच्या कणांमधला दाब वाढतो, त्यांची एकमेकांवरची पकड सुटते आणि वरचं सगळं ओझं सांध्यावरून खाली येतं. कोकण रेल्वे बांधताना गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात कठीण खडकाने नव्हे, पाणी धरलेल्या अशाच मऊ मातीने माणसांचे जीव घेतले.

उतार सरकण्याआधी बरेचदा खुणा देतो. वरच्या अंगाला जमिनीत चंद्रकोरीसारखी भेग पडते. सरळ वाढलेली झाडं, विजेचे खांब कलतात. पायऱ्या आणि जोतं यांच्यात फट पडते, कालपर्यंत लागणारं दार आज चौकटीत अडकतं. नितळ झरा एकाएकी गढूळ येतो, किंवा वाहता झरा भर पावसात थांबतो, किंवा कधी नव्हता तिथे नवीन फुटतो. ह्यातलं काहीही दिसलं तर घर सोडून आधी बाजूला, उताराच्या वाटेतून दूर व्हायचं आणि मग गावाला कळवायचं. शाळेत आम्हाला भूकंपात टेबलाखाली बसायला शिकवलं, ते योग्यच होतं. उतार वाचायला कुणी शिकवलं नाही. कोकणात भूशास्त्राचा पहिला धडा खनिजांच्या यादीऐवजी ह्या खुणांचा असावा असं मला मनापासून वाटतं, आणि तो अकरावीपर्यंत थांबू नये. पाचवीतल्या मुलाला भेग दिसते.

भाचीला मी हातोडी दिलेली नाही. एक भिंग, चुंबक, वीस मीटरची मोजपट्टी आणि वही एवढंच दिलंय. काम ठरलं आहे: तीन विहिरी, एक सड्यावरची, एक झऱ्याच्या रेघेवरची, एक मळ्यातली. दर पंधरा दिवसांनी काठापासून पाण्यापर्यंत अंतर मोजायचं, दोरीला दगड बांधून. शेजारी त्या पंधरवड्याचा पाऊस लिहायचा. पाण्याचा रंगही लिहायचा. पहिली नोंद मृगाच्या आधीची हवी, म्हणजे विहीर भरायला लागते कधी आणि पाऊस सुरू झाल्यावर किती दिवसांनी, हे हाती येईल. काठ सगळीकडे सारखा नसतो, म्हणून आधी एका चिऱ्यावर रंगाने खूण करून घ्यायची आणि दर वेळी दोरी तिथूनच सोडायची.